पत्रांतले गुंड्याभाऊ

२०२५ सालच्या भाद्रपदात, ऋषिपंचमीच्या दिवशी, म्हणजे २८ ऑगस्टला, मुंबईस बाळ कर्वे वारले. तीनच दिवसांपूर्वी त्यांना ९५ वर्षे पूर्ण झाली होती. विष्णुपुरीस त्या सुमारास पाऊस मोठा लागला होता. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले होते आणि गोदावरीचा घोष आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येत होता. घरात स्त्रियांची ऋषीची भाजी चुलीवर होती. अशा वेळी माझी पुतणी मोबाईल हातात घेऊन बाहेर आली व म्हणाली, "काका, तुमचे गुंड्याभाऊ गेले."

'तुमचे' हा शब्द तिने सहज वापरला असेल. पण माझे धाकटे बंधू बापू झोपाळ्यावर बसले होते, त्यांनी झोपाळा पायाने थांबविला. ते काही बोलले नाहीत. ते बहुधा काही बोलत नाहीतच. थोड्या वेळाने ते उठून माडीवर गेले, आणि जेवणाची पाने मांडेपर्यंत खाली आले नाहीत.

कर्वे यांचा आणि आमचा काडीचाही परिचय नव्हता. मी त्यांना रस्त्यातदेखील कधी पाहिले नाही. तरीही आमच्या घरात त्यांचे जे स्थान होते ते पुष्कळ नातेवाइकांनाही लाभले नाही, आणि ते स्थान त्यांना न पाहताच मिळाले होते. ही हकीकत सांगावयाची तर मला १९७७ सालापासून आरंभ केला पाहिजे.

त्या वर्षी मी बँकेच्या नोकरीनिमित्त मुंबईस गेलो आणि गिरगावात मावशीच्या बिऱ्हाडी राहू लागलो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले होते; म्हणजे ते बाळ अवघे पाच वर्षांचे होते. चाळीत मजल्यावर एकच संच होता. त्याला लाकडी दारे होती व कार्यक्रम संपल्यावर यजमान त्यांना कुलूप लावीत. संच बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, आणि परवान्याचे पैसे जरी एका घराने भरलेले असले तरी पाहण्याचा हक्क साऱ्या मजल्याचा असे. त्या संचावर 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका लागू लागली. चि. वि. जोशी यांच्या कथांवरून ती केलेली होती. चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले होते बाळ कर्वे. १९७९ पर्यंत ती चालली.

आता विष्णुपुरीची स्थिती पाहा. तेव्हा येथे धरण नव्हते, अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हते, विद्यापीठ तर पुढे १९९४ साली झाले. नदीकाठी काळेश्वराचे देऊळ, त्याच्या अलीकडे वस्ती, आणि वस्तीत आमचे अठरा माणसांचे घर. मुंबईहून यावयाचे तर मनमाडला गाडी बदलून मीटर गेजच्या डब्यात बसावे लागे. मुंबईच्या दूरदर्शनच्या लहरी येथवर पोहोचण्याची गोष्टच नव्हती. किंबहुना आमच्या भागात दूरचित्रवाणी आली तीही आधी दिल्लीची आली. मराठी कार्यक्रम मागाहून आले. ज्या दोन-तीन वर्षांत मुंबई-पुण्याकडील घरे चिमणरावांसाठी जेवणे लवकर उरकीत होती, त्या वर्षांत आम्हां मराठवाडेकरांना त्यांचे नावदेखील वर्तमानपत्रांतूनच कळत होते.

आमच्या घरात मात्र एक व्यक्ती अशी होती की तिला चिमणराव नवे नव्हते. ती म्हणजे आमची आजी. निजामी अमदानीत, मराठी शाळांची येथे वानवा असताना, आजोबांनी पुण्या-मुंबईकडील मासिकांची वर्गणी कधी चुकविली नाही. त्या मासिकांच्या पानांतून आणि पुढे पुस्तकांतून आजीने 'एरंडाचे गुऱ्हाळ' व 'चिमणरावाचे चऱ्हाट' वाचले होते. १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पाहावं करून' हा बोलपट काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले होते. तो आजीने पाहिला नव्हता, आणि पाहावयास मिळाला नाही याची खंत तिच्या बोलण्यात अधूनमधून येई. त्यामुळे मालिकेविषयी मी पहिल्याच पत्रात लिहिले तेव्हा उलट टपाली तिचा प्रश्न आला. अक्षर बापूंचे, प्रश्न आजीचा: "चिमणराव कसा असेल ते मला ठाऊक आहे. गुंड्याभाऊ कसा आहे ते लिही."

हा प्रश्न सामान्य नव्हता, हे मला फार उशिरा उमगले. चिमणराव म्हणजे आपल्या मध्यम स्थितीतील पांढरपेशा गृहस्थ. भित्रा, बोलघेवडा, सज्जन. त्याच्याकडे पाहून प्रत्येकास आपण स्वतः आठवतो. गुंड्याभाऊ हा त्याचा नात्यातला भाऊ. अंगाने भरदार, बुद्धीने सरळ, आणि चिमणरावाने केलेल्या प्रत्येक घोटाळ्यात अर्धा वाटा उचलणारा. एकत्र कुटुंबात असा एक तरी पुरुष असतोच. त्याचे लग्नकार्य जमलेले नसते, मिळकतीत त्याचा वाटा किती ते कोणी विचारीत नाही, परंतु मयताचे सामान आणावयाचे असो की मांडव घालावयाचा असो, पहिली हाक त्यालाच जाते. आजीला तो कसा दिसतो हे जाणून घ्यावयाचे होते.

मी लिहू लागलो. मालिकेचा भाग पाहिला की त्याच रात्री अंतर्देशीय पत्र. पत्र पोहोचावयास चार दिवस, कधी सहा. रात्रीची जेवणे झाली, स्त्रियांचे आवरून झाले की बापू कंदिलाजवळ बसून ते मोठ्याने वाचीत. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. चिमणरावांची वाक्ये ते साध्या आवाजात वाचीत आणि गुंड्याभाऊंची वाक्ये छाती काढून, घसा भरून. वाक्य नसले, नुसते 'गुंड्याभाऊंनी मिशीवरून हात फिरविला' एवढेच मी लिहिलेले असले, तर बापू थांबत, कंदिलाच्या उजेडात स्वतःच्या नसलेल्या मिशीवरून हात फिरवीत आणि मग पुढे जात. आजी म्हणे, "हां, असाच." सुट्टीत मी घरी आलो तेव्हा हे सारे मला वडिलांनी सांगितले, मी प्रत्यक्ष पाहिले ते दोन-तीनदाच.

कर्वे यांचे काम मला कसे वाटले होते, तेही सांगतो. त्या काळी दूरदर्शनचे चित्रण वरळीच्या केंद्रात होई. फितीची कापाकापी सोपी नव्हती, म्हणून प्रवेशाचे प्रवेश एका दमात, जवळजवळ नाटकासारखे मुद्रित करीत. तेव्हा जो नट बोलत नसतो त्यालाही प्रवेशभर कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागते. कर्वे हे न बोलण्यात श्रेष्ठ होते. चिमणराव बोलत सुटलेले असताना ते ऐकत, आणि त्यांचे ऐकणे असे असे की चिमणरावांच्या बोलण्यातील फोलपणा आपल्याला त्यांच्या चेहऱ्यावरून कळावा. पुष्कळ नट दुसऱ्याचे भाषण चालू असता आपल्या वाक्याची वाट पाहत असतात. ते डोळ्यांत दिसते. यांच्या डोळ्यांत ते कधी दिसले नाही. प्रभावळकर यांचे श्रेय मी यत्किंचितही कमी करीत नाही. ते असामान्यच आहेत. पण चिमणराव हे गलबत, आणि नांगर गुंड्याभाऊ, असे मी एका पत्रात लिहिल्याचे आठवते. तरुणपणी उपमा देण्याची मला हौस होती.

कर्वे हे व्यवसायाने अभियंते. शिक्षण पुण्यास झाले आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे त्यांनी मुंबई महानगरपालिकेत नोकरी केली. हे वाचून आजच्या तरुणांस नवल वाटेल, परंतु त्या पिढीतील मराठी नटवर्गात ही गोष्ट अपवादाची नव्हती. प्रभावळकर हेही विज्ञान शिकलेले आणि औषधांच्या व्यवसायात नोकरी करणारे. दिवसा कचेरी, सायंकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग. असा हा दुहेरी संसार होता. कर्वे यांनी विलेपार्ल्यास मुलांच्या रंगभूमीसाठी 'किलबिल' ही संस्था चालविण्यास हातभार लावला. 'रथचक्र', 'सूर्याची पिल्ले', 'कुसुम मनोहर लेले' अशा नाटकांतून कामे केली. 'जैत रे जैत' या १९७७ सालच्या चित्रपटात ते होते. पुढे 'स्वामी' मालिकेत गंगोबातात्या झाले. यांतील एकही भूमिका नायकाची नाही. त्यांच्याकडे नायकाची भूमिका मागण्यासाठी कोणी आले असते तर, माझी समजूत आहे, त्यांनी चहा पाजून परत पाठविले असते. अर्थात ही माझी समजूत आहे; त्यांना विचारण्यास मी गेलो नव्हतो.

आजी १९८१ साली गेली. तिने गुंड्याभाऊ पाहिले नाहीत. ऐकले मात्र पुष्कळ.

बापू पुढे पाटबंधारे खात्यात नोकरीस लागले. धरणाचे काम चालू होते, घरापासून चालत जाण्याइतके जवळ. सायंकाळी ते सायकलने नांदेडास जात आणि हौशी मंडळींच्या नाटकात कामे करीत. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नांदेडास होई, त्यात त्यांना भूमिका मिळत त्या अशाच: नायकाचा मामा, वाड्यातील दिवाणजी, फौजदार. १९८५ साली मुंबईच्या एका व्यावसायिक मंडळीच्या चालकांनी त्यांचे काम पाहिले आणि दौऱ्यावरच्या नाटकात एक भूमिका देऊ केली. भूमिका धाकटी, पण मुंबई. बापूंनी मला पत्र लिहिले. "आपण सांगाल तसे," हे त्या पत्राचे शेवटचे वाक्य होते.

वडील वारले होते. कर्ता मी. मी मोठे पत्र लिहिले. त्यात काय लिहिले ते मी आजवर असे लक्षात ठेवले होते की, मी त्यांना सर्व बाजू समजावून दिल्या आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. बापू गेले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी नाटकात काम करणेही सोडले. पुढे त्यांचे लग्न झाले, मुलगी झाली, ते निवृत्त झाले. मीही बदलीने नांदेडास येऊन विष्णुपुरीच्या घरात स्थिर झालो. आम्हां भावांत या विषयावर चाळीस वर्षांत एक शब्दही निघाला नव्हता.

आता बापूंची मुलगी, जिने ऋषिपंचमीस ती बातमी सांगितली. तिने येथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुण्यास संगणकाच्या व्यवसायात नोकरी धरली. तेथे ती हौशी नाटकात कामे करू लागली हे आम्हांस ठाऊक होते. परंतु महालक्ष्म्यांसाठी ती आली ती एक प्रस्ताव घेऊन आली होती. मुंबईच्या एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या धाकट्या जावेची भूमिका तिला मिळत होती. नोकरी सोडावी लागणार होती.

१ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचे पूजन झाले. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. मुखवट्यांवर समयांचा उजेड, वर फुलोरा. पंगतीला चाळीस पाने. मराठवाड्यातील घरांत या सणाला सर्व माणसे एकत्र येतात, त्यामुळे सर्व भांडणेही याच सणाला होतात. रात्री आवरासावर झाल्यावर ओसरीवर बैठक बसली. वहिनींचे म्हणणे, लग्नाचे वय उलटत चालले. माझ्या मुलाचे म्हणणे, एवढी मोठी नोकरी सोडून जावेची भूमिका काय करावयाची, नायिकेची तरी असती. शेवटी सारे माझ्याकडे पाहू लागले. आणि माझ्यापाशी उत्तर तयार होते, कारण चारच दिवसांपूर्वी वर्तमानपत्रांत ते छापून आले होते.

मी म्हणालो, "बाळ कर्वे यांनी महापालिकेची नोकरी सोडली नाही. नोकरी सांभाळून ते गुंड्याभाऊ झाले. तूही नोकरी सांभाळून काय करावयाचे ते कर."

ती म्हणाली, "काका, त्यांची मालिका किती वेळाची होती?"

"अर्ध्या तासाची."

"माझीही बावीस-तेवीस मिनिटांचीच आहे. पण रोज आहे."

मग तिने जे सांगितले ते मी लक्षपूर्वक ऐकले, कारण त्यात हिशोब होता आणि हिशोब मला कळतो. दैनंदिन मालिकेचे चित्रण १२ तासांच्या पाळीत चालते. सकाळी रंगभूषेला बसावयाचे ते रात्रीच बाहेर पडावयाचे. चित्रणस्थळे गोरेगाव, मढ बेट, ठाण्याचा घोडबंदर रस्ता अशी शहराच्या कडेला. काही मालिका तर सातारा-कोल्हापूरकडे नेलेल्या. दुय्यम नटास महिन्यातील काही दिवसांचे बंधन असते व मोबदला दिवसाच्या दराने मिळतो. परंतु ते दिवस कोणते हे आदल्या रात्री कळते. त्यामुळे उरलेल्या दिवसांतही दुसरी नोकरी करता येत नाही. पैसा हाती येतो तो बहुधा तीन महिन्यांनी. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते घसरले की कथानक वळते, आणि कथानक वळले की धाकटी जाऊ माहेरी जाते ती परत येत नाही. हे सारे तिने जराही न लपविता सांगितले. आपल्या बाजूने बोलणाऱ्याने आपल्याच विरुद्धचा पुरावा एवढ्या प्रामाणिकपणे मांडल्याचे मी कर्जाच्या अर्जांत कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे," मी म्हणालो, "तुला सगळे ठाऊक आहे आणि तरी जावयाचे आहे."

"कर्वे साहेबांसारखे जगणे मला आवडले असते, काका. पण तसे जगण्याची सोय आता राहिली नाही. आता एक तर जावे लागते, नाही तर जाता येत नाही."

यावर मी काही बोलणार तोच बापू उठले. माडीवर गेले आणि एक फडक्यात बांधलेला गठ्ठा घेऊन आले. ऋषिपंचमीच्या दिवशी ते वर काय करीत होते, ते मला तेव्हा कळले. गठ्ठा त्यांनी मुलीपुढे ठेवला. त्यात माझी पत्रे होती. १९७७ पासूनची, सालवार लावलेली.

तिने वरचे एक उचलून वाचावयास घेतले. पंगतीला थकलेल्या स्त्रियाही दारात येऊन बसल्या. पत्रे वाचली जाऊ लागली तसे मला एक चमत्कारिक वाटले. माझी समजूत अशी की मी चिमणरावांच्या मालिकेची हकीकत लिहीत असे. प्रत्यक्षात पत्रांचा तीन चतुर्थांश भाग गुंड्याभाऊंनी व्यापला होता. ते कोठे उभे राहिले, पगडीवाल्या म्हाताऱ्याशी बोलताना कसे वाकले, चहाची बशी कशी धरली. आणि १९७८ च्या एका पत्राच्या कडेला, घडीवरच्या जागेत, बारीक अक्षरात लिहिले होते: बापूस, हे काम तुला साधेल, सुट्टीत आलो म्हणजे बोलू.

हे वाक्य मी लिहिल्याचे मला मुळीच आठवत नव्हते.

ती पुढची पत्रे चाळत गेली आणि १९८५ सालच्या पत्रापाशी थांबली. मी म्हणालो, "ते राहू दे." बापू म्हणाले, "वाच." तिने वाचले. त्यात सर्व बाजू समजावून दिलेल्या नव्हत्या. एकच बाजू होती, आठ पृष्ठे. आणि तिसऱ्या पृष्ठावर तोच दाखला, जो मी अर्ध्या तासापूर्वी दिला होता: गुंड्याभाऊंचे काम करणारे गृहस्थदेखील महापालिकेत नोकरी करतात, कला ही फावल्या वेळची शोभा आहे, संसार हा मुख्य.

दाखला खरा होता. पण ते गृहस्थ मुंबईत नोकरी करीत होते. कचेरी सुटली की त्यांना वरळी जवळ होती, शिवाजी मंदिर जवळ होते. बापूंची कचेरी विष्णुपुरीस होती आणि मुंबई सहाशे किलोमीटरवर. हा सहाशे किलोमीटरचा आकडा त्या आठ पृष्ठांत एकदाही आलेला नाही. मी हिशोबाचा माणूस. पण तेवढी एकच रक्कम मी मांडावयास विसरलो होतो.

कोणी म्हणेल, मराठवाड्यात राहूनही माणसांनी नाव काढले आहे. खरे आहे. लक्ष्मण देशपांडे तेव्हाच्या औरंगाबादेस विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवीत राहिले आणि तेथूनच 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधली ५२ पात्रे एकट्याने उभी केली. परंतु ते एकपात्री. त्यांना समोर कोणी लागत नव्हते. गुंड्याभाऊला चिमणराव लागतो. जो नट दुसऱ्याचे ऐकण्यात आपली कला दाखवितो त्याला एकट्याने घरी बसून काय करता येणार? आणि आमच्या बोलीचेही एक आहे. मकरंद अनासपुरे, संदीप पाठक ही आमच्याकडील मंडळी पुढे गेली याचा मला अभिमान आहे. तरी मालिकांत मराठवाड्याची बोली कानावर पडली की पुढे विनोद येणार हे ओळखून मी आजही थोडा सावध होतो. बापूंना १९८५ मध्ये मुंबईत काय मिळाले असते? कदाचित गावंढळ नोकर. कदाचित गंगोबातात्या. ते आता कोणीच सांगू शकत नाही.

पत्र वाचून संपले. मी काही तरी म्हणावयास हवे होते. मी म्हणालो, "बापू, मी चुकीचे लिहिले."

बापू म्हणाले, "अक्षर तेव्हा फार सुवाच्य होते तुमचे."

एवढेच. मग ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, "जावेच्या भूमिकेत वाक्ये किती आहेत?" ती म्हणाली, पहिल्या भागात दोन. "बरे आहे," ते म्हणाले. "उरलेल्या वेळात काय करशील?" ती म्हणाली, "ऐकेन." बापूंनी मान हालविली, आणि आमच्या घरापुरता तो प्रश्न तेथेच मिटला. वहिनी रडल्या, पण त्या बिछाने घालता घालता.

मी मात्र एक अट घातली. बँकवाल्याचा स्वभाव जात नाही. तिने आपल्या शिलकेतून दीड वर्षाच्या खर्चाची रक्कम वेगळी काढून मुदतीच्या ठेवीत ठेवावी आणि तिला हात लावू नये. तिने ती मान्य केली. आश्विनात नोकरीचा राजीनामा दिला, कार्तिकात देवगिरी एक्सप्रेसने गेली. बापू तिला स्थानकावर पोहोचवावयास गेले होते. गाडी सुटल्यावर ते फलाटावर किती वेळ उभे होते हे मला रिक्षावाल्याने सांगितले. त्यांनी सांगितले नाही.

कर्वे गेले त्या आठवड्यात जेथे तेथे गुंड्याभाऊ गेले असेच छापले होते. ९५ वर्षांच्या आयुष्यातून लोकांनी मधली दोन-तीन वर्षे तेवढी उचलली. हा अन्याय आहे काय, याचा मी विचार करीत होतो. प्रभावळकरांनी चिमणरावांपासून सुटका करून घेतली. 'हसवाफसवी'त ते एकाच नाटकात सहा जण झाले, २००१ पासून आबा टिपरे झाले, २००६ साली तर पडद्यावर गांधीजी झाले. प्रत्येक वेळी मागचा माणूस पुसून नवा. कर्व्यांना, किंवा आपल्याला, ते साधले नाही. त्यांना त्याचे दुःख होते काय, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मला एवढे दिसते की आजीने जो मनुष्य पन्नास वर्षे मनात बाळगला होता, त्याला या गृहस्थांनी देह दिला, आणि तो देह कंदिलाच्या उजेडात काही काळ माझ्या भावाने पांघरला होता.

मार्गशीर्षात मालिका सुरू झाली. पहिल्या दिवशी आळीतील माणसे आमच्याकडे जमली. आमच्या मुलीच्या वाट्याला आले ते चहाचा ट्रे घेऊन येणे आणि सासू नायिकेला बोलत असता भिंतीशी उभे राहणे. दोन वाक्यांपैकी एक बहुधा कापले गेले होते. सासूचे भाषण लांबले, पार्श्वसंगीत वाढले, कॅमेरा तीन वेळा नायिकेच्या डोळ्यांवर गेला. वहिनी म्हणाल्या, "हिचा चेहरा दाखवीतच नाहीत मेले."

बापूंनी हात वर करून सर्वांना गप्प केले. "आवाज बंद करा," ते म्हणाले. कोणी तरी आवाज बंद केला. मूक पडद्यावर सासूचे ओठ हालत होते, नायिका रडत होती, आणि मागे, थोडी अंधुक, आमची मुलगी ट्रे छातीशी धरून उभी होती. बापू पुढे सरकून पाहू लागले. त्यांचा उजवा हात हळूहळू ओठांपर्यंत गेला आणि मिशी नसलेल्या जागेवरून एकदा फिरला.

"ऐकते आहे," ते म्हणाले.